बाणाशिवायची प्रतिमा : हृदयरुग्णांमधील असाधारण नीलारचनेच्या प्रतिमांकनाची चिकित्सा

हृदयरोगविषयक नियतकालिकांत एका विशिष्ट प्रकारचे टिपण सातत्याने प्रसिद्ध होत असते. एका रुग्णाची चार-सहा ओळींची हकीकत, त्यानंतर सीटी किंवा इकोची एक-दोन चित्रे, चित्रात एक पांढरा बाण आणि बाणाच्या टोकाशी एखादी नीला, जी त्या जागी असेल अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. डावीकडे टिकून राहिलेली ऊर्ध्व महानीला, यकृताच्या पातळीवर खंडित झालेली अधोमहानीला, डाव्या अलिंदाऐवजी भलतीकडेच उघडणारी फुप्फुस-नीला हे या टिपणांचे नेहमीचे विषय होत. शेवटी बहुधा एकच वाक्य असते : ही रचना दुर्मीळ असली तरी चिकित्सकाने तिची जाण ठेवणे आवश्यक आहे.

या लेखनप्रकाराची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु चित्रातील बाण हा पुरावा नसून भाष्य आहे, ही गोष्ट वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. बाण काढून टाकला तर तीच नीला किती वाचकांना दिसेल? आणि रुग्ण टेबलावर होता, बाण अद्याप कोणी रेखाटलेला नव्हता, तेव्हा ती का दिसली नव्हती? हे दोन प्रश्न अशा टिपणांत क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेखात या वाङ्मयाची चिकित्सा त्याच अंगाने केली आहे. असाधारण नीला निसटते ती यंत्र दुबळे असते म्हणून कमी, आणि यंत्राला घातलेला प्रश्न अपुरा असतो म्हणून अधिक, असे हे वाङ्मय बारकाईने वाचणाऱ्यास आढळून येते. आणि हे वाङ्मय स्वतः मात्र ती गोष्ट झाकून ठेवते.

शब्दांपासूनची अडचण

मराठी शास्त्रीय परिभाषेत हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी आणि हृदयाकडे रक्त आणणारी ती नीला. यांपैकी 'नीला' हा शब्द रंगावरून आला आहे आणि तेथेच तो फसतो. फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात येणारे रक्त प्राणवायूने समृद्ध, लालभडक असते. तरीही ते आणणाऱ्या वाहिन्या नीलाच. शालेय पुस्तकांत हा अपवाद म्हणून पाठ करवून घेतला जातो. बोलीभाषेतील 'शीर' हा शब्द तर रक्तवाहिनी आणि मज्जातंतू या दोहोंना चालतो. 'हृदयाजवळ एक शीर जास्त आहे' हे वाक्य ऐकणाऱ्या रुग्णाच्या मनात त्यामुळे नेमके काय उभे राहते, हे सांगणाऱ्यास कळणे कठीण असते.

इंग्रजी वाङ्मयातील शब्दही निर्दोष नाहीत. डाव्या ऊर्ध्व महानीलेला तेथे 'टिकून राहिलेली' असे विशेषण लावतात. गर्भावस्थेच्या प्रारंभी शरीराच्या वरच्या भागातील रक्त आणणाऱ्या दोन नीला प्रत्येकच मानवी गर्भात असतात, एक उजवीकडे व एक डावीकडे. पुढे डावीकडचे रक्त उजवीकडे वाहून नेणारी एक आडवी नीला तयार होते आणि डावी मूळ नीला आक्रसत जाते. तिचा अवशेष म्हणून डाव्या अलिंदाच्या मागील बाजूस एक बारीक नीला व एक तंतुमय पट्टा उरतो. इंग्लंडमधील जॉन मार्शल यांनी मानव व सस्तन प्राण्यांतील या नीलांच्या विकासावर १८५० साली सविस्तर लिहिले. तो पट्टा आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. ससा, उंदीर, घूस यांच्यात मात्र डावी ऊर्ध्व महानीला आयुष्यभर असते आणि ती तेथे 'टिकून राहिलेली' नसते, नुसती 'असते'. बेडकाच्या विच्छेदनाची आकृती ज्यांनी पदवीच्या वर्गात काढली आहे, त्यांना दोन अग्र महानीला व एक पश्च महानीला ही मांडणी आठवत असेल. म्हणजे जे मानवात अपवाद ठरते ते इतरत्र नियम आहे. या शब्दयोजनेमुळे वाचकाच्या मनात घडते ते असे : रचनेला एक नैतिक छटा प्राप्त होते, जणू जायला हवी ती गेली नाही. मग तिच्याकडे एक तर विकृती म्हणून पाहिले जाते, नाही तर निरुपद्रवी गंमत म्हणून. तिचा खरा अर्थ ठरतो तो रुग्णावर पुढे कोणता उपचार व्हावयाचा आहे यावरून, आणि हा तिसरा पर्याय शब्दांत कोठेच उमटत नाही.

एक संख्या आणि तिचे मूळ

या विषयावरील जवळपास प्रत्येक टिपणाच्या पहिल्या परिच्छेदात दोन आकडे आढळतात. सर्वसाधारण लोकसंख्येत डाव्या ऊर्ध्व महानीलेचे प्रमाण सुमारे ०.३ ते ०.५ टक्के आणि जन्मजात हृदयविकार असलेल्यांत ते ४ ते १० टक्क्यांच्या आसपास. हे आकडे चुकीचे आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु ते एका टिपणातून दुसऱ्या टिपणात जसेच्या तसे उतरत जातात आणि त्या प्रवासात त्यांचे मूळ पुसले जाते. शवविच्छेदनातून मिळालेला आकडा, इकोत सहज दिसले म्हणून नोंदलेला आकडा आणि शस्त्रक्रियेपूर्वी मुद्दाम शोधून मिळालेला आकडा या तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत. जन्मजात विकाराच्या बालकाची प्रत्येक नीला तपासली जाते. गुडघेदुखीसाठी आलेल्या साठीच्या गृहस्थाची कोणी तपासत नाही. दोन गटांतील फरक खरा आहे, गर्भविकासाच्या दृष्टीने तो समजण्यासारखाही आहे. पण त्या फरकात पाहण्याच्या तीव्रतेचा वाटा किती, हा प्रश्न अनुत्तरित ठेवूनच आकडा पुढे जातो.

'दुर्मीळ' या शब्दाचेही तसेच. एका मोठ्या शहरातील व्यस्त इको विभागात दिवसाला पन्नास तपासण्या होतात असे गृहीत धरले, तर वरच्या प्रमाणातील लहान आकडा धरूनही आठवडा-दीड आठवड्यातून एक तरी अशी व्यक्ती त्या टेबलावरून उठून जात असली पाहिजे. ती दिसत नसेल, तर दुर्मिळता नीलेची आहे की नजरेची, हे तपासावयास हवे.

सुई कोणत्या हातात

या चिकित्सेचा गाभा एका साध्या तपशिलात आहे आणि तो तपशील प्रसिद्ध चित्रांखालच्या मजकुरात बहुतेक वेळा गाळलेला असतो. कॉन्ट्रास्ट द्रव्य कोणत्या हातातून दिले?

१९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या डाव्या हाताच्या नीलेतून एक लवचिक नळी हृदयापर्यंत सरकवली आणि क्ष-किरण छायाचित्र काढवून घेतले. हृदयात नळी घालण्याच्या शास्त्राचा तो आरंभ मानला जातो. १९५६ साली त्यांना कूर्नाँ व रिचर्ड्स यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रसंगातील धाडसाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. नळीने घेतलेल्या वाटेकडे मात्र शरीररचनेच्या दृष्टीने क्वचितच लक्ष जाते. डाव्या हातातून निघालेली नळी छातीत आडवी होऊन उजवीकडे जाते आणि मगच खाली उतरते, याचाच अर्थ ती आडवी नीला तेथे आहे. (या नीलेचे जुने लॅटिन नाव 'अनाम' अशा अर्थाचे आहे, इतकी महत्त्वाची वाहिनी नावावाचून राहावी हा योगायोगही बोलका आहे.) तीच नळी डाव्या कडेने सरळ खाली उतरली असती, तर छायाचित्राचा अर्थ सर्वस्वी बदलला असता. आज अतिदक्षता विभागात गळ्याच्या डाव्या बाजूने घातलेल्या नळीचे छायाचित्र नेमके असे दिसते, तेव्हा पहिला तर्क 'नळी चुकून रोहिणीत गेली' असा होतो. नळी योग्य नीलेत असून नीलाच वेगळी आहे, ही शक्यता नंतर सुचते. तोवर ती नळी बहुधा काढून टाकलेली असते.

इकोच्या बाबतीत हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. डावी ऊर्ध्व महानीला असलेल्या बहुसंख्य व्यक्तींमध्ये तिचे रक्त कोरोनरी सायनसमधून, म्हणजे हृदयाच्या भिंतीतील अशुद्ध रक्त गोळा करणाऱ्या नलिकेतून, उजव्या अलिंदात पोहोचते. अधिक रक्त वाहून नेल्यामुळे ही नलिका फुगते आणि छातीच्या डाव्या कडेवरून घेतलेल्या लांबट छेदात डाव्या अलिंदाच्या मागे गोल पोकळीसारखी दिसते. ही पहिली खूण. पण उजव्या अलिंदातील दाब वाढला असता, किंवा फुप्फुस-नीला याच नलिकेत उघडत असल्या तरीही ती फुगते. म्हणून दुसरी पायरी असते : सलाइन घुसळून, त्यात सूक्ष्म बुडबुडे निर्माण करून ते डाव्या हाताच्या नीलेतून सोडावयाचे. बुडबुडे प्रथम कोरोनरी सायनसमध्ये आणि नंतर उजव्या अलिंदात दिसले, तर निदान पक्के. ग्रामियाक व शाह यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॉन्ट्रास्ट इकोचा पाया घातला, त्या पद्धतीचे हे सर्वांत कमी खर्चाचे रूप आहे. दहा मिलिलिटरची सिरिंज, थोडी हवा, थोडे सलाइन; आणखी काही लागत नाही.

हेच बुडबुडे उजव्या हातातून सोडले तर? ते उजव्या ऊर्ध्व महानीलेतून थेट उजव्या अलिंदात जातात आणि चित्र निर्दोष दिसते. तपासणी झाली, अहवाल लिहिला गेला, आणि डावीकडची नीला तशीच राहिली. यंत्र तेच, तज्ज्ञ तोच, रुग्ण तोच. बदलला तो फक्त हात. बहुतेक लोक उजव्या हाताने काम करतात आणि टेबलाची मांडणी विभागागणिक ठरलेली असते, म्हणून सुई कोठे टोचली जाते हे अनेकदा केवळ सोयीवरून ठरते. वैद्यकीय निदान इतक्या क्षुल्लक सवयीवर अवलंबून असावे, ही बाब या वाङ्मयात जेवढ्या ठळकपणे यावयास हवी तेवढी येत नाही.

त्याहून गंभीर प्रकार तो, ज्यात कोरोनरी सायनसचे छतच अपुरे असते आणि डावीकडचे रक्त सरळ डाव्या अलिंदात शिरते. अशा वेळी ती नलिका फुगलेली दिसेलच असे नाही, म्हणून पहिली खूणच उपलब्ध नसते. डाव्या हातातून दिलेल्या सलाइनमधील हवेचा बुडबुडा किंवा रक्ताची गुठळी फुप्फुसांच्या गाळणीतून न जाता मेंदूकडे जाऊ शकते. कारण न सापडलेला अर्धांगवायू किंवा मेंदूतील गळू असलेल्या रुग्णात उजव्या हातातून केलेली बुडबुड्यांची तपासणी 'निर्दोष' आली, एवढ्यावर थांबणे म्हणूनच धोक्याचे.

सीटीत हीच कहाणी वेगळ्या वेषात येते. कॉन्ट्रास्ट द्रव्य उजव्या हातातून दिले आणि प्रतिमा लवकरच्या टप्प्यात घेतली, तर डावीकडची नीला भरलेलीच नसते. ती महारोहिणीच्या कमानीशेजारी करड्या रंगाच्या गोळ्यासारखी दिसते आणि लसिकाग्रंथी म्हणून खपून जाते. द्रव्य भरलेले असेल तेव्हाही प्रश्न संपत नाही, कारण डाव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडाची नीला चुकीच्या मार्गाने वर चढत असेल, तर तीही नेमकी त्याच जागी दिसते. एकीत रक्त खाली उतरते, दुसरीत वर चढते. पण स्थिर छेदात दिशा दिसत नाही. येथे एक साधी युक्ती उपयोगी पडते आणि ती बाणापेक्षा अधिक शिकवते. डाव्या मुख्य श्वासनलिकेच्या समोर किती वाहिन्या आहेत ते मोजावे. दोन असतील, तर एक डावी ऊर्ध्व महानीला आणि दुसरी आपल्या जागी असलेली फुप्फुस-नीला. एकही नसेल, तर फुप्फुस-नीलाच वर निघून गेलेली आहे. जोडीला आडव्या नीलेचा आकार पाहावा : पहिल्या प्रकारात ती बारीक किंवा अनुपस्थित, दुसऱ्यात नेहमीची किंवा रुंद. एमआरआयमध्ये प्रवाहाची दिशा व प्रमाण दोन्ही मोजता येतात, तेव्हा वाद उरत नाही. परंतु लहान मुलांना त्यासाठी भूल द्यावी लागते आणि यंत्र सर्वत्र नसते.

त्रिमितीय रंगीत चित्रांबद्दल येथे एक शब्द आवश्यक आहे. मुखपृष्ठावर शोभणारी ती चित्रे छायाचित्रे नव्हेत. कोणत्या घनतेच्या बिंदूंना कोणता रंग द्यावयाचा आणि कोणते बिंदू अदृश्य करावयाचे, हे संगणकाजवळ बसलेल्या व्यक्तीने ठरविलेले असते. ज्या नीलेत द्रव्य पोहोचले नाही ती अशा चित्रातून पुसली जाते आणि तिची उणीव डोळ्यांना जाणवतही नाही. ते एक संपादित पाठ असते. साहित्याच्या प्राध्यापकाला हे नव्याने सांगावयास नको, पण वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ते सांगितले जातेच असे नाही.

तलवार आणि हिममानव

क्ष-किरण छायाचित्रांच्या वाचनात रूपकांना मोठे स्थान आहे. उजव्या फुप्फुसाची नीला हृदयाच्या उजव्या कडेने वक्राकार उतरत अधोमहानीलेला मिळते, तेव्हा तिची सावली वक्र तुर्की तलवारीसारखी दिसते. कूपर व शासिना यांनी १८३६ साली ही रचना शवविच्छेदनातून वर्णिली होती, तेव्हा क्ष-किरण नव्हते आणि तलवारही नव्हती. १९६० साली कॅथरिन नील व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखातून तलवारीचे नाव रूढ झाले आणि तेव्हापासून ती शोधली जाऊ लागली. अडचण अशी की, या विकारात उजवे फुप्फुस अनेकदा लहान असते, हृदय उजवीकडे सरकते आणि तान्ह्या बालकात नेमकी ती तलवार हृदयाच्या सावलीआड जाते. जेथे निदानाची निकड सर्वांत अधिक, तेथे रूपक निकामी ठरते.

'हिममानवा'ची गोष्ट तशीच. चारही फुप्फुस-नीला वरच्या बाजूने ऊर्ध्व महानीलेत जात असतील, तर छातीच्या छायाचित्रात एकावर एक ठेवलेले दोन गोळे दिसतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने हिममानव पाहिलेला नसतो. म्हणून त्याला 'आठाचा आकडा' असेही सांगतात, आणि तोही रोमन लिपीतला, देवनागरी ८ नव्हे. पण खरी उणीव सांस्कृतिक नाही. हे चित्र तयार व्हायला वाहिन्या रुंदावण्यास काही आठवडे-महिने जावे लागतात. नवजात बालकात ते बहुधा नसतेच, आणि कधी कधी थायमस ग्रंथीच्या सावलीमुळे ते नसतानाही भासते. पाठ्यपुस्तकातील सुंदर हिममानव हा उशिरा झालेल्या निदानाचा पुरावा असतो. ज्याचे निदान वेळेवर झाले, त्या बालकाचे छायाचित्र पुस्तकात छापण्याजोगे नसते.

जेथे उशीर परवडत नाही

फुप्फुस-नीलांच्या संपूर्ण चुकीच्या जोडणीचे चार प्रकार डार्लिंग व सहकाऱ्यांनी १९५७ साली सांगितले : हृदयाच्या वर, हृदयात, हृदयाखाली आणि मिश्र. त्यांपैकी हृदयाखालील प्रकारात सर्व शुद्ध रक्त एका नीलेतून पडदा ओलांडून यकृताकडे जाते आणि तेथे अडते. बालक जन्मानंतर काही तासांत निळे पडते, धापा टाकते. छायाचित्रात हृदय लहान, फुप्फुसे पांढुरकी. हेच चित्र अपक्व फुप्फुसांच्या विकारातही दिसते. हृदयाची कुजबुज बहुधा ऐकू येत नाही. मग उपचार फुप्फुसांवर केले जातात आणि जो एकमेव खरा उपाय, शस्त्रक्रिया, त्याची वेळ टळते. इकोत डाव्या अलिंदात येणाऱ्या चारही नीला एकेक करून शोधल्या, तर निदान होते. 'डावे अलिंद लहान आहे' एवढे लिहून थांबले, तर होत नाही. गर्भावस्थेतील तपासणीतही ही विकृती निसटण्याचे प्रमाण मोठे आहे, कारण गर्भात फुप्फुसांतून रक्त थोडेच वाहते आणि चार कप्प्यांचे नेहमीचे दृश्य जवळपास ठीक दिसते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला आणि त्यात जन्मजात हृदयविकाराचा समावेश आहे. शाळा-अंगणवाड्यांतून फिरणारी पथके कुजबुज ऐकून मुले पुढे पाठवितात. त्याचा लाभ ज्यांच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र आहे अशा अनेक बालकांना होतो. ज्या विकारात कुजबुज नसते आणि बालक अंगणवाडीच्या वयापर्यंत पोहोचतच नाही, तो या चाळणीतून स्वभावतःच निसटतो. त्यासाठी प्रसूतिगृहातच बोटाला लावण्याच्या ऑक्सिमीटरने रक्तातील प्राणवायू मोजणे हा एक उपाय आहे. पण अडथळा नसलेल्या प्रकारात तोही आकडा जेमतेमच घसरतो.

मोठ्या माणसांत ओझे वेगळे असते. हृदयशस्त्रक्रियेत हृदय थांबवून ठेवणारे कार्डिओप्लेजिया द्रव्य कोरोनरी सायनसमधून उलट दिशेने देण्याची पद्धत आहे. डावी ऊर्ध्व महानीला असेल तर ते द्रव्य स्नायूंत न जाता वर गळ्याकडे निघून जाते आणि हृदय असंरक्षित राहते. पेसमेकरची तार डाव्या खांद्याकडून घातली असता ती उजव्या अलिंदात पोहोचते खरी, पण तेथून निलयात वळण्यासाठी तिला अवघड कोन घ्यावा लागतो. आणि उजवी महानीला नसेल, तर उजवीकडून प्रयत्न करूनही तार त्याच वाटेला लागते. एकच निलय असलेल्या बालकात ऊर्ध्व महानीला फुप्फुस-रोहिणीला जोडण्याची शस्त्रक्रिया ग्लेन यांनी १९५८ साली प्रसिद्ध केली. अशा बालकातील दुसरी महानीला नजरेतून सुटली, तर फुप्फुसांकडे वळविलेले रक्त तिच्यातून मागे गळते आणि बालक निळेच राहते. अधोमहानीला खंडित असून तिचे रक्त अझायगस नीलेतून वर जात असेल, तर मांडीतून घातलेली नळी हृदयात पोहोचत नाही. तो झाला निव्वळ मनस्ताप. परंतु छातीच्या शस्त्रक्रियेत हीच रुंद अझायगस नीला गाठ समजून बांधली गेली, तर शरीराच्या खालच्या भागातील रक्ताचा मुख्य मार्गच बंद होतो.

या सर्व प्रसंगांत नीला स्वतः रोग निर्माण करीत नाही. ती धोकादायक बनते ती उपचारामुळे, आणि म्हणूनच तिला 'आकस्मिक आढळ' या सदरात टाकण्याची पद्धत समर्थनीय वाटत नाही.

तीन अक्षरे

ही उपेक्षा केवळ घाईतून येते असे मानणे अपुरे ठरेल; तिचे एक मूळ पद्धतीच्या रचनेतही आहे. जन्मजात हृदयविकारांचे वर्णन खंडशः करण्याची शिस्त रिचर्ड व्हॅन प्राग यांनी घालून दिली आणि १९७२ च्या मांडणीने ती सर्वपरिचित केली. अलिंदांची बाजू, निलयांचे वळण व महारोहिण्यांचे स्थान यांसाठी प्रत्येकी एक अक्षर, आणि कंसात तीन अक्षरे : नेहमीच्या हृदयासाठी 'एस, डी, एस'. पुढे रॉबर्ट अँडरसन व सहकाऱ्यांनी क्रमशः जोडण्यांवर भर देणारी पर्यायी मांडणी केली. या दोन परंपरांमधील वाद दीर्घ आणि कधी कधी तिखट राहिला. परंतु एका बाबतीत त्या समान आहेत : मुख्य खंड तीनच, आणि नीलांना त्यांत स्वतंत्र अक्षर नाही. दोन्ही परंपरांचे जाणकार नीलांचे वर्णन करतात हे खरे. आपल्या सविस्तर लेखनात ते आवर्जून करतात. पण संक्षेपात जे बसत नाही ते घाईच्या अहवालातून प्रथम गळते. वस्तुतः रक्ताच्या वाटेने चालावयाचे तर आरंभ नीलांपासूनच होतो.

या मांडणीला अलीकडच्या काळात एका अनपेक्षित दिशेने धक्का बसला. अलिंदांच्या अनियमित स्पंदनाचा उगम बहुधा फुप्फुस-नीलांच्या मुखांशी असतो, असे बोर्दो येथील हाइसागेर व सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखविले. त्यानंतर त्या मुखांभोवती व्रण निर्माण करून उपचार होऊ लागले आणि त्यासाठी हजारो रुग्णांच्या फुप्फुस-नीला सीटी व एमआरआयने रेखाटल्या गेल्या. तेव्हा आढळले ते असे की, 'उजवीकडे दोन, डावीकडे दोन' ही पाठ्यपुस्तकातील मांडणी पाचांतून एका रुग्णात तरी नसते : कोठे डावीकडच्या दोन्ही नीला एका सामाईक मुखाने उघडतात, कोठे उजवीकडे तिसरी स्वतंत्र नीला असते. शोधण्याचे कारण मिळाले आणि अपवाद सर्रास दिसू लागला. मार्शल यांचा तो तंतुमय पट्टा, जो दीडशे वर्षे केवळ अवशेष म्हणून शिकविला जात होता, तोही या स्पंदनाचा एक उगम ठरू शकतो असे दिसून आले आणि त्याला विद्युत्शरीरशास्त्रात नवे महत्त्व आले.

याउलट नेहमीच्या इको अहवालाचा नमुना पाहावा. त्यात झडपांसाठी रकाने असतात, निलयाच्या आकुंचनशक्तीसाठी आकडा असतो, दाबासाठी सूत्र असते. कोरोनरी सायनस, आडवी नीला, अधोमहानीलेचा मार्ग आणि चार फुप्फुस-नीला यांच्यासाठी, बालहृदयविभाग सोडल्यास, बहुधा एकही ओळ छापलेली नसते. नीलांविषयी गप्प असलेला अहवाल दोन अर्थांनी वाचता येतो : पाहिले आणि ठीक आढळले, किंवा पाहिलेच नाही. शस्त्रक्रिया करणारा सर्जन तो पहिल्या अर्थाने वाचतो. कॉन्ट्रास्ट द्रव्य कोणत्या हातातून दिले, आडवी नीला दिसली की नाही, आणि चारांपैकी किती फुप्फुस-नीला डाव्या अलिंदापर्यंत प्रत्यक्ष शोधता आल्या, या तीन ओळी अहवालात असत्या, तर 'दिसल्या नाहीत' हे उत्तरही त्याच्या उपयोगी पडले असते.